नेफ : एका फसलेल्या नावाची कथा

शास्त्रज्ञांनी ठेवलेली नावेही कधी कधी फसतात, हे वाचून आपणांस नवल वाटेल. एड्सचा विषाणू, म्हणजे एच.आय.व्ही., १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम हाती लागला. मनुष्याच्या पेशीत सुमारे २०,००० जनुके असतात; या विषाणूपाशी अवघी ९! त्यांपैकी एका जनुकाचे प्रथिन विषाणूच्या वाढीस आळा घालते, असे आरंभीच्या प्रयोगांवरून वाटले. म्हणून त्यास 'नेफ' हे नाव मिळाले; 'अटकाव करणारा घटक' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते लघुरूप. प्रत्यक्षात प्रकार उलटाच निघाला.

आपल्या रक्तातील टी-पेशी रोगजंतूंविरुद्धच्या लढाईची सूत्रे हलवितात. एरवी त्या स्वस्थ असतात. शत्रूची चाहूल लागताच पेशीच्या पृष्ठभागावरून निरोप निघतो, तो हातोहात आत पोचतो आणि 'एन.एफ.-कप्पा-बी' नावाचा निरोप्या केंद्रकात शिरून निद्रिस्त जनुके जागी करतो. विषाणूची लबाडी अशी की, आपल्या जनुकांच्या दाराशी त्याने याच निरोप्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. पेशी जागी झाली की त्याचीही प्रजा वाढू लागते. ती झोपली की त्याचे काम अडते. म्हणून नेफ निरोपाच्या साखळीत हात घालते आणि जराशा चाहुलीनेही पेशी दचकून उठेल, अशी तिची अवस्था करून ठेवते.

आत शत्रू शिरल्याची खूण पेशी आपल्या पृष्ठभागावर दाखवीत असते. नेफ या खुणा आत ओढून घेते; परंतु साऱ्या नव्हे! एकही खूण नसलेल्या पेशीवर दुसऱ्या जातीचे पहारेकरी तुटून पडतात, म्हणून काही ती तशाच ठेवते. इतक्या चिमुकल्या प्रथिनाचा हा धूर्तपणा थक्क करणारा आहे.

याची साक्ष सिडनीत मिळाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी, रक्ताची तपासणी सुरू होण्यापूर्वी, तेथे एका दात्याच्या रक्तातून काही रुग्णांना या विषाणूची बाधा झाली. तरी वर्षानुवर्षे त्यांना एड्स झाला नाही. त्यांच्यातील विषाणूच्या नेफ-जनुकाचा तुकडाच गळालेला आहे, असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. अशा लुळ्या विषाणूची लस करावी, ही कल्पनाही पुढे आली होती. परंतु पुढे त्यांतील काहींच्या टी-पेशीही हळूहळू घटू लागल्या.

आपल्या देशात या रोगावरील औषधे सरकारी केंद्रांतून २००४ सालापासून विनामूल्य मिळतात. त्यांनी विषाणूची वाढ थांबते. परंतु काही बाधित पेशी झोपी जातात, आणि त्यांच्या पोटात विषाणूही. झोपलेल्यावर औषधाचा इलाज चालत नाही. गोळ्या बंद केल्या, की बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात दिसू लागतो.