सह्याद्रीच्या वाटांसाठी बूट

सह्याद्रीतील गडवाटांसाठी बूट निवडताना किंमत, रंग आणि घोट्याभोवतीची उंची यांच्याआधी सोल पाहावा, कारण बेसाल्टचा उघडा कातळ, त्यात खोदलेल्या पायऱ्या आणि घसारा, म्हणजे उतारावर साचलेली सुटी माती व मुरूम, हे सारे एकाच चढाईत पायाखाली येते. घसाऱ्यावर सोलचे खोल दात रुतून पाय थांबतो. कातळावर मात्र रबराचा मऊपणा अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीतपणात दबून बसते, तर टणक रबर पुष्कळ दिवस टिकत असले तरी ओल्या दगडावर सटकते. शेवाळलेल्या पायरीवर मात्र कोणत्याच सोलवर विसंबू नये.

असा दातेरी रबरी सोल अपघातातून जन्मला. आल्प्समध्ये पूर्वी वाटेसाठी खिळे ठोकलेले जड बूट आणि कातळासाठी पातळ, हलके जोडे वापरत. १९३५ साली पुंता रासिका शिखरावर सहा सहकारी दगावल्यानंतर इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांनी दोन्ही कामे करणाऱ्या सोलचा ध्यास घेतला आणि १९३७ मध्ये तो सिद्ध केला.

‘वॉटरप्रूफ’ बुटाचा आग्रह सह्याद्रीच्या पावसाळ्यात फारसा उपयोगाचा नाही. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरते आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही तेच ते बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून जाळीदार कापडाचा, लवकर निथळणारा बूट बरा. सोबत सुती मोजे टाळावेत, कारण ते ओल धरून ठेवतात आणि भिजलेल्या कातडीला घर्षणाने फोड येतात.

दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजतात, त्यामुळे खरेदी संध्याकाळी, चढाईचेच मोजे घालून करावी. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावले पाहिजे, अन्यथा उतरताना अंगठा प्रत्येक पावलाला पुढे आपटून नख काळे पडते. नाडी बांधल्यावर मात्र टाच उचलली जाता कामा नये.

कित्येक बुटांत पावलाखालचा मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतील ओलाव्याने, न वापरताही, हळूहळू ठिसूळ होतो. काही वर्षे कपाटात पडून राहिलेल्या, वरून नव्या दिसणाऱ्या बुटाचा सोल म्हणूनच ऐन वाटेत निघून येतो, तेव्हा असा जोड आधी जवळच्या टेकडीवर तासभर चालून तपासावा.