सिरोंचा : बंदर होता होता राहिलेले गाव

महाराष्ट्राच्या नकाशाचे आग्नेय टोक म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुका. बातम्यांतून हे नाव वाचकांना भेटते ते बहुधा पूर, नक्षलवाद किंवा खचलेला रस्ता यांच्या संदर्भात. मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हेच गाव एका मोठ्या जलमार्गावरील प्रमुख ठाणे होणार होते. विदर्भाचा कापूस येथून बोटींनी बंगालच्या उपसागराकडे जावा, अशी ती योजना होती. ती का आखली गेली आणि का बुडाली, हे ठाऊक असेल तर सिरोंचाच्या काठावर घालवलेला एक दिवस निराळाच अर्थ सांगून जातो.

कापसाची जलवाट

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्म घेते. जेमतेम ११३ किलोमीटर वाहून ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. लांबीने लहान असली, तरी गोदावरी खोऱ्याचे सुमारे एक तृतीयांश क्षेत्र एकट्या प्राणहितेच्या वाट्याला येते. विदर्भात पडणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा सिरोंचाच्या घाटासमोरून वाहून जातो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आर्थर कॉटन या ब्रिटिश अभियंत्याच्या नजरेत हे पाणी भरले. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा त्याने १८४७ ते १८५२ या काळात उभारला होता. त्यापुढची त्याची कल्पना अधिक धाडसी होती. हिंगणघाटच्या परिसरातील कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून राजमहेंद्रीपर्यंत आणि तेथून कालव्यांतून काकीनाड्याच्या बंदरात न्यावा, असा त्याचा आग्रह होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध भडकले, तिकडून इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा आटला आणि या योजनेला एकाएकी महत्त्व आले.

अडचण होती ती खडकांची. या जलमार्गात तीन ठिकाणी नदीचे पात्र खडकांनी अडवलेले होते. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमारी येथे. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालावा, बाजूने कालवा काढावा आणि पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दारांमधून बोटी पार कराव्यात, असा आराखडा कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली राबविला जाऊ लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या अडथळ्याच्या मधल्या पट्ट्यात, दोन नद्यांच्या संगमापाशी सिरोंचा वसले होते. ठाणे बसविण्यास याहून सोयीची जागा नव्हती.

राजकारणही त्याच दिशेने वाहत होते. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांना दिले. त्यांतून अप्पर गोदावरी हा जिल्हा निर्माण झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्यालय बनले. या जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचे नाव आजही तालुक्यातील ग्लासफोर्डपेठा या गावाच्या रूपाने टिकून आहे.

रेल्वेने पुसलेला जिल्हा

योजना बुडण्यास तीन कारणे पुरली. पहिले, अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कापसाची निकड ओसरली. दुसरे, १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपुरात पोहोचली. जो कापूस पूर्वेकडे नदीतून जाणार होता, तो पश्चिमेकडे रुळांवरून जाऊ लागला. तिसरे कारण निसर्गाचे होते. या नद्यांत बोटींपुरते पाणी असते ते पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या थोड्या महिन्यांत. कापूस वेचून बाजारात येईपर्यंत नदी उतरणीला लागलेली असे. ज्या हंगामात माल तयार, त्याच हंगामात रस्ता बंद, असा हा व्यवहार होता.

लाखो रुपये खर्ची पडल्यावर १८७१ मध्ये कामे थांबविण्यात आली. तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, अप्पर गोदावरी जिल्हाच मोडीत निघाला. भद्राचलमकडील भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील होऊन राहिले. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, तरी सिरोंचा पुन्हा मुख्यालय झाले नाही.

काठावरचा एक दिवस

गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून येथे यावे लागते. तेलंगणातील मंचेरियाल हे रेल्वेस्थानक त्या मानाने जवळ पडते. हिवाळा हा उत्तम काळ. त्या वेळी पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात आणि बोटींचे स्वप्न का फसले, ते न सांगता कळते.

सकाळ प्राणहितेच्या घाटावर घालवावी. नदीवर स्नानाला आलेली मंडळी आपसांत तेलुगू बोलतात, सरकारी फलक मराठीत असतात आणि आसपासच्या गावांतून गोंडी व माडिया कानी पडते. ब्रिटिश काळातील विश्रामगृह अजून उभे आहे. जिल्ह्याचे ठाणे म्हणून मिळालेल्या मानाची ती एक खूण.

दुपारी गोदावरीवरील पूल ओलांडून कालेश्वरमला जाता येते. तेथील मंदिरात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. श्रीशैलम आणि द्राक्षारामम यांच्याबरोबर कालेश्वरमची गणना त्रिलिंगक्षेत्रांत होते. यातील द्राक्षारामम हे काकीनाड्याच्या परिसरात आहे. म्हणजे कॉटनने कापसासाठी आखलेल्या वाटेची दोन टोके श्रद्धेने आधीच जोडलेली होती. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्करम मेळा भरला, तेव्हा या दोन्ही काठांवर भाविकांची रीघ लागली होती.

हाताशी वेळ असेल, तर वडदमचे जीवाश्म उद्यान किंवा असरअल्लीमार्गे सोमनूर येथील इंद्रावती-गोदावरी संगम पाहावा. मात्र सायंकाळी परत प्राणहितेवर यावे. गाव नदीच्या पूर्व तीरावर असल्याने सूर्य समोरच्या तेलंगणात मावळतो.

पाणी कोणाचे?

२०१० च्या दशकापर्यंत पलीकडे जायचे तर नावेवाचून पर्याय नव्हता. प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती या तिन्ही नद्यांवर पूल झाले आणि नावाड्यांचा धंदा बसला. गावकऱ्यांची सोय मात्र झाली. गंभीर आजारी रुग्णाला गडचिरोलीपेक्षा मंचेरियाल, वरंगळ किंवा करीमनगरला नेणे आज त्यांना परवडते.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. संगमाच्या खाली मेडीगड्डा येथे तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पातील ८५ दरवाजांचे बॅरेज बांधले. त्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्राशी करार झाला आणि जून २०१९ मध्ये उद्घाटन झाले. उपसा सिंचनाने पाणी तेलंगणात जाणार होते. त्याचा फुगवटा सिरोंचाच्या शेतांत आला, अशी येथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. जुलै २०२२ च्या महापुरात तालुक्यातील पिके पाण्याखाली गेली आणि भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी आंदोलने झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले.

एकोणिसाव्या शतकात या नद्यांकडे वाहतुकीचा मार्ग म्हणून पाहिले गेले, एकविसाव्या शतकात उपशाचा साठा म्हणून. दोन्ही वेळा हिशेब दूरच्या राजधानीत मांडला गेला आणि दोन्ही वेळा काठावरच्या गावाचा क्रमांक शेवटी लागला. सिरोंचाला बंदर मिळाले नाही, याची हळहळ आज कोणी करीत नाही. घरासमोरून वाहणारे पाणी आपल्या शेताला कधी मिळणार, एवढेच येथील शेतकरी विचारतो. त्याचे उत्तर या दोन राजधान्यांनी अद्याप दिलेले नाही.