चारातले तीन ठिपके अंदाजाचे!

रायपूरच्या चौबे कॉलनीतलं एक मराठी घर. वडील राइस मिलमध्ये अकाउंटंट, आई शिकवण्या घेणारी, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात बोलणं मराठीत, पण वाद पेटला की हिंदी आपोआप तोंडात येते. आम्ही चहाला गेलो त्या संध्याकाळी हिंदीच चालू होती! विषय होता लॅपटॉप. 2022 मध्ये हप्त्यांवर घेतलेला, आरटीएक्स 3050 ग्राफिक्स कार्डवाला. मुलाचं म्हणणं, नवे गेम यावर अडखळतात, आता नवा हवा. वडिलांचं म्हणणं, आधीचे हप्ते आत्ता कुठे फिटले.

दोघांचंही चूक नव्हतं. फक्त मधल्या काळात गेमच्या चित्रांचा सगळा हिशेबच बदलून गेलाय, हे दोघांच्या लक्षात यायचं होतं.

पडद्यावरचं चित्र म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख ठिपके. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, 83 लाखांच्या आसपास. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतो म्हटलं, तर कार्डाने दर सेकंदाला सुमारे 50 कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा. त्यात प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, पाण्यात काय दिसतं, हे सगळं आलं. कार्डाला धाप लागणारच!

यावर एन्व्हिडिया कंपनीने सप्टेंबर 2018 मध्ये आरटीएक्स कार्डं बाजारात आणताना एक युक्ती काढली. नाव डीएलएसएस. कार्डाने चित्र लहान आकारात काढायचं आणि ते मोठं करायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे एआयवर सोपवायचं. फोर-के पडद्यासाठी फुल एचडीइतकंच चित्र काढलं, तर चारातला एकच ठिपका कष्टाचा. उरलेले तीन अंदाजाचे.

सुरुवातीला हा अंदाज काही जमला नाही. प्रत्येक गेमसाठी एआयला वेगळं शिकवावं लागे, आणि 2019 च्या आरंभी ‘बॅटलफिल्ड फाइव्ह’मध्ये लोकांनी पाहिलं, तर चित्र चक्क पुसट. खेळणाऱ्यांनी यथेच्छ टिंगल केली. मार्च 2020 मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि टिंगल थांबली. आता एआय एकट्या चित्राकडे पाहत नव्हतं. आधीच्या चित्रांत काय दिसलं होतं आणि कोणती वस्तू किती सरकली, ही माहिती गेमच त्याला पुरवत होता. मुरलेल्या हाताने रांगोळी काढणारी बाई चार ठिपके पाहून पुढची रेघ ओळखते, तसंच काहीसं.

मग सगळेच या वाटेला लागले. इंटेलने 2022 मध्ये एक्सईएसएस आणलं, सोनीने नोव्हेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रोमध्ये स्वतःची पद्धत बसवली, एएमडीने मार्च 2025 मध्ये एफएसआरची चौथी आवृत्ती एआयवर नेली. जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच 2 या हातात धरायच्या यंत्रातही डीएलएसएसची सोय आहे.

पण अंदाज तो अंदाजच. आमच्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘जीटीए’ खेळलाय. त्या मालिकेतल्या तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती नोव्हेंबर 2021 मध्ये आली, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने पाहायला गेलो. जुन्या चित्रांना एआयने उजाळा दिला होता. त्यात एका डोनटच्या दुकानाची पाटी होती. दुकानाचं नाव ‘टफ नट’, म्हणून तिथे नट-बोल्टमधला षटकोनी नट दाखवलेला. नव्या आवृत्तीत त्या नटाचे कोपरे घासून तो गुळगुळीत गोल झाला! विनोदच संपला. इतरही बऱ्याच चुका निघाल्या आणि रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. यंत्राला आकार कळतो, कोटी कळत नाही.

खरी गोम पुढे आहे. 2022 पासून एआय दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक संपूर्ण बनावट चित्रही घालू लागलं. जानेवारी 2025 मध्ये एकामागे तीनपर्यंत मजल गेली. एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी तेव्हा सांगितलं की 3.3 कोटी ठिपक्यांपैकी कार्ड फक्त 20 लाख काढतं. त्याच भाषणात 549 डॉलरचं नवं 5070 कार्ड 1,599 डॉलरच्या जुन्या 4090 ची बरोबरी करतं, असंही ते म्हणाले. खेळणारे खवळले, आणि आमच्या मते रास्तच. कारण मधली चित्रं घातल्याने हालचाल मऊ दिसते, पण बटण दाबल्यावर यंत्र लवकर दाद देत नाही, उलट किंचित उशीरच होतो. जाहिरातीतल्या आकड्याला हा उशीर दिसत नाही.

गेम बनवणाऱ्यांनाही याची सवय लागली. ‘रेम्नंट 2’च्या निर्मात्यांनी 2023 मध्ये कबूलच केलं, की चित्र एआयने मोठं केलं जाईल असं धरूनच गेम आखला. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ने 2025 मध्ये शिफारस केलेल्या यंत्रावर सेकंदाला 60 चित्रं सांगितली, तीही मधली बनावट चित्रं धरून! म्हणजे कार्डाचे वाचलेले कष्ट कुठे गेले, ते बघा.

दुसरीकडे हीच चिप आता गेमपुरती राहिलेली नाही. याच रायपूरला लागून नवा रायपूरमध्ये मे 2025 मध्ये रॅकबँकच्या एआय डेटा सेंटरची पायाभरणी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते झाली. असल्या केंद्रांची जगभर भूक इतकी वाढली, की 2025 च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव भडकले आणि त्याची झळ घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचली.

हे सगळं चौबे कॉलनीतल्या त्या घरात सांगितलं, तेव्हा मुलगा जरा गप्प झाला. डीएलएसएसची मधली बनावट चित्रं त्याच्या कार्डाला मिळणार नाहीत, ती 40 च्या मालिकेपासून पुढे. पण ठिपके भरणारी नवी, सुधारलेली पद्धत एन्व्हिडियाने 2018 पासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना खुली केली आहे, अगदी फुकट. (जुनं जीटीएक्स कार्ड असेल तर डीएलएसएस चालत नाही. तिथे एफएसआरच्या आधीच्या आवृत्त्या करून पाहाव्या.) त्याने गेमच्या सेटिंगमध्ये डीएलएसएस ‘क्वालिटी’वर ठेवलं, सेकंदाला 60 चित्रांची मर्यादा घातली. दूरच्या झाडांच्या फांद्या थोड्या थरथरत होत्या, हे त्याने लगेच दाखवलंही. अडखळणं मात्र थांबलं होतं.

बाहेर मे महिन्याचा रायपुरी उकाडा. वडील पडद्याकडे पाहत होते, फरक त्यांना काही उमगला नाही. आतून आई आली आणि म्हणाली, “अरे, तुझ्या त्या लॅपटॉपचा पंखा आज भणभणत कसा नाहीये?”