आधी बाजारतळावरचा रुपया

आठवडे बाजार उठल्यावर तळावर कोथिंबिरीच्या काड्या आणि फाटकी पोती दिसतात; मातीत रुतलेली मोड दिसत नाही. हिशेब करताना निसटलेला रुपया पायांखाली तुडवला जातो आणि पावसात बोटभर खाली जातो. मेटल डिटेक्टर हाती धरायचा तर रहिमतपूरसारख्या जुन्या पेठेच्या गावात सुरुवात अशा जागी करावी. मैदान नगरपरिषदेचं असेल तर मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांची.

यंत्राच्या टोकाच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खालच्या धातूत त्यामुळे प्रवाह उठतात, त्यांचं क्षेत्र कॉइलला जाणवतं आणि कानात सूर वाजतो. साध्या यंत्राला एकटं नाणं वीतभराच्या आतच सापडतं. त्याहून खोलचं धन दाखवणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

बहुतेक परदेशी माहितीपुस्तिका सांगतात की खिळे टाळायला लोखंडाचा आवाज बंद ठेवा. आपल्याकडे हा सल्ला अंगाशी येतो. 1990च्या दशकापासूनचा आपला रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे. नदीच्या घाटावर दोरीला चुंबक बांधून पोरं नाणी काढतात ती त्यामुळेच. लोखंड गाळलं की खिळ्यांबरोबर हे रुपयेही गप्प होण्याची शक्यता असते. म्हणून आधी घराच्या परसात रुपया, जुनं अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशांचं नाणं, आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आणि एक खिळा चार-चार बोटं खोल पुरावेत. प्रत्येकाचा सूर कानात बसेपर्यंत त्यांवरून कॉइल फिरवावी, जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश.

सूर लागला की आडवं-उभं फिरवून जागा पक्की करावी. खुरप्यानं हिरवळ तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर झाकणासारखी उलटावी, माती फडक्यावर काढावी, आणि शोध संपला की सगळी परत घालून पायानं दाबावी. खड्डा तसाच सोडणाऱ्याला पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता जुन्या नाण्यांचं. रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाचा मकबरा आणि मशीद आहे. अशा आवारांत, गडांवर, पडक्या वाड्यांत यंत्र नेऊच नये. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदणं गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

तरीही मोकळ्या रानात एखादी शिवराई वर येऊ शकते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीवर ‘छत्रपति’, तांब्याचा जाड, ओबडधोबड तुकडा. शिवछत्रपतींनंतरही ती निरनिराळ्या टांकसाळींतून पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही चालत होती. ती हाती आली की लोक आधी चिंच-मीठ लावून घासतात. कृपा करून घासू नका. हिरव्या-काळ्या थराबरोबर अक्षरंही जातात.

नाणं कुठे, किती खोल, कशाच्या सोबत होतं हे हरवलं तर त्याहून मोठं नुकसान होतं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. क्षत्रप नहपानाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. एका राजानं दुसऱ्याला हरवून त्याचं चलन कसं आपलंसं केलं, ते या साठ्यानं दाखवलं. हीच नाणी सुटी होऊन सराफाच्या मुशीत गेली असती तर आपल्या हाती फक्त चांदी उरली असती.

कायदाही इथेच लागू होतो. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना मुदत मिळते. धन बेवारस ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला ते ठेवायचं असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही आणि ते परदेशीही नेता येत नाही.

म्हणून पिशवीत खुरप्याशेजारी वही आणि मोजपट्टी हवी. एकाहून अधिक जुनी नाणी दिसली की हात थांबवावा, शेजारी मोजपट्टी ठेवून जागेवरच फोटो काढावा, जवळचं झाड किंवा विहीर आणि तिथवरचं अंतर लिहून ठेवावं, आणि उरलेलं न उकरता तहसील कार्यालय गाठावं.