पडद्यावर दिसणारे हृदय

मुलांनो, सायकलच्या चाकात हवा भरताना एक गोष्ट तुम्ही नक्की अनुभवली असेल. सुरुवातीला पंप सहज चालतो. ट्यूब भरत आली, की तोच दांडा जड होतो आणि हात दुखू लागतात. पंप बदललेला नसतो, तुमचा हातही तोच असतो. वाढलेला असतो तो समोरचा दाब. आपल्या हृदयाच्या उजव्या बाजूवर कधी कधी असाच प्रसंग येतो.

हृदय म्हणजे रक्ताचा पंप, असे आपण शिकतो. खरे पाहता ते शेजारी शेजारी असलेले दोन पंप आहेत. त्यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. डावा पंप साऱ्या शरीराला रक्त पाठवतो, म्हणून त्याची भिंत जाड असते. उजवा पंप रक्त फक्त जवळच्या फुप्फुसांत पाठवतो. त्याचे काम हलके, म्हणून भिंतही पातळ, जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर. उजवीकडचे रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, हे कैरोत राहणारे हकीम इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते. रक्ताभिसरण म्हटले की आपण हार्वे यांचे नाव घेतो. त्यांचे पुस्तक १६२८ सालचे आहे.

आता फुप्फुसेच आजारी पडली तर? जोराचा न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा मोठा अपघात यांमुळे फुप्फुसे सुजतात. त्यांतील बारीक वायुकोशांत पाणी भरते. १९६७ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी अशा १२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली आणि या आजाराला वेगळी ओळख मिळाली. आज त्याला एआरडीएस म्हणतात. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा असंख्य रुग्णांना हाच त्रास झाला आणि व्हेंटिलेटर हा शब्द घराघरांत पोचला.

व्हेंटिलेटर म्हणजे कृत्रिम श्वास देणारे यंत्र. एरवी आपली छाती फुगते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. यंत्र मात्र हवा आत ढकलते. सुजलेल्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आधीच आखडलेल्या असतात. त्यात या हवेचा दाब त्यांना आणखी चेपतो. मग पातळ भिंतीच्या उजव्या पंपाला रक्त पुढे ढकलणे जड जाते. तो दमतो, फुगतो. डाव्या बाजूला रक्त कमी पोचते आणि शरीराचा रक्तदाब उतरतो. आजार फुप्फुसांचा, आणि संकटात सापडते हृदय! जीव वाचवणाऱ्या यंत्राचाच हृदयावर भार पडतो, ही डॉक्टरांपुढची मोठी अडचण आहे.

बंद छातीतले हे हृदय बघायचे कसे? येथे आवाज मदतीला येतो. डोंगरासमोर हाक मारली, की प्रतिध्वनी ऐकू येतो. तसाच, पण आपल्या कानांना ऐकू न येणारा अतिसूक्ष्म आवाज छातीत सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे. या तपासणीला इकोकार्डिओग्राफी म्हणतात. आपल्याकडे लोक थोडक्यात ‘टू-डी इको’ म्हणतात. तिचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड गावी डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी हृदय पाहण्यासाठी जहाजांच्या कारखान्यातून एक यंत्र उसने आणले. ते धातूमधील दोष शोधण्याचे यंत्र होते. लोखंडातली भेग शोधणाऱ्या आवाजाने माणसाच्या हृदयाची हालचाल दाखवली.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तपासणीसाठी दुसरीकडे न्यावे लागत नाही. यंत्रच खाटेजवळ आणतात. छातीवर जेल लावून डॉक्टर एक लहान उपकरण टेकवतात. फुगलेली फुप्फुसे आड आली, तर चित्र नीट दिसत नाही, कारण हवा या आवाजाला अडवते. तेव्हा बारीक नळीसारखे उपकरण अन्ननलिकेत उतरवून मागच्या बाजूने हृदय पाहतात.

पडद्यावर डॉक्टर काय शोधतात? उजवा कप्पा एरवी डाव्यापेक्षा लहान दिसतो. तो डाव्याएवढा किंवा त्याहून मोठा झाला, तर ती धोक्याची खूण. मधला पडदा डावीकडे ढकलला गेला, तर ती दुसरी खूण. प्रत्येक ठोक्याला उजव्या झडपेची कडा किती सरकते, हेही मोजतात. ती १७ मिलिमीटरपेक्षा कमी सरकली, तर पंप अशक्त झाला असे समजतात.

यावरून पुढचा अंदाज करता येतो का? बऱ्याच अंशी येतो. २०१६ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी अशा ७५२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५४ जणांचा उजवा कप्पा डाव्याहून मोठा झाला होता आणि मधला पडदाही नीट हलत नव्हता. या ५४ पैकी ३१ जण दगावले, म्हणजे शंभरात ५७. बाकीच्यांत हे प्रमाण शंभरात ४२ होते. फरक मोठा आहे. पण हाच हिशेब उलट्या बाजूने करून पाहा: त्या ५४ पैकी २३ जण वाचले. घटक चाचणीत कमी गुण मिळाले, म्हणून वार्षिक परीक्षेच्या आधीच कोणी मुलाला नापास ठरवत नाही. मला वाटते, इकोचा अंदाजही असाच वाचायला हवा.

धोका दिसला, की डॉक्टर उपचार बदलतात. यंत्राच्या हवेचा दाब कमी करतात. कधी रुग्णाला पालथे झोपवतात, तेही सलग सोळा तास. चार-पाच जणांनी मिळून, एकही नळी न निसटू देता, बेशुद्ध माणसाला पालथे करायचे, हे सोपे काम नव्हे. पण त्यामुळे पाठीकडचा फुप्फुसांचा भाग मोकळा होतो आणि उजव्या पंपावरचा भार उतरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६६ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण या उपायाने शंभरात ३३ वरून १६ वर आले.

मग डॉक्टर पुन्हा जेल लावतात, उपकरण टेकवतात आणि आधीच्या चित्राशी नवे चित्र ताडून पाहतात. उजवा कप्पा लहान झाला का? मधला पडदा सरळ झाला का?