मशरूम : कधी खावे, कधी टाकावे?

रविवारी बाजारातून आणलेले मशरूम शनिवारी फ्रिजच्या कोपऱ्यात सापडतात. रंग काळपट, हाताला बुळबुळीत. पैसे देऊन आणलेली भाजी टाकवत नाही. मग 'चांगली खळखळून उकळली की काय होतंय?' म्हणत ती कढईत जाते. इथेच चूक होते. उकळल्याने बरेचसे जंतू मरतात. पण काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना त्याचा जास्त त्रास होतो.

लवकर का नासतात?

मशरूममध्ये सुमारे 90 टक्के पाणी असते आणि वर जाड साल नसते. तोडल्यावरही त्यांचे श्वसन चालू राहते. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत हा ओलावा साचतो आणि मशरूम चिकट होतात.

कसे ठेवावे?

- न फोडलेले पॅकेट तसेच फ्रिजमध्ये ठेवा. त्याला भोके असतील तर बुजवू नका. हवा कोंडल्यास घातक जंतू वाढू शकतात.
- पॅकेट फोडल्यावर उरलेले मशरूम कोऱ्या कागदी पिशवीत ठेवा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई अन्नाला लागते.
- धुऊन ठेवू नका. शिजवायच्या वेळीच धुवा.
- कच्चे मटण, मासे यांच्याखाली ठेवू नका.
- ताजे, अख्खे बटन मशरूम फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतात. धिंगरी दोन-तीन दिवसांत आणि चिरलेले मशरूम दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा.
- घरी फ्रिज नसेल तर लागतील तेवढेच आणा आणि त्याच दिवशी शिजवा.
- शिजवलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.

खराब झाल्याच्या खुणा

चिकट थर, आंबूस किंवा उग्र वास, पसरत जाणारे काळे डाग, हिरवी-काळी बुरशी, दाबताच लिबलिबीत लागणे. यातली एक खूण दिसली तरी टाकून द्या. खराब भाग कापून उरलेले वापरू नका, चव घेऊन तर मुळीच पाहू नका. मात्र टोपी उघडून खालचे तपकिरी पदर दिसले किंवा मशरूम किंचित सुकले, एवढ्यावरून घाबरू नका. वास चांगला आणि अंग कोरडे असेल तर त्याच दिवशी शिजवून खा.

रानातली अळंबी

वरच्या खुणा विकतच्या मशरूमसाठी आहेत. पावसाळ्यात रानात उगवलेली अळंबी ताजी, पांढरीशुभ्र असूनही विषारी असू शकते. लसूण काळा पडतो का, हे पाहून विष ओळखता येत नाही. काही जातींचे विष सहा तासांनंतर किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू करते. मध्ये बरे वाटले तरी आत यकृत निकामी होत असते. त्यामुळे त्रास होताच घरगुती उपाय न करता रुग्णालयात जा आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

शंका आली तर टाका. दवाखान्याच्या खर्चापुढे एका पॅकेटचे पैसे फार नाहीत.