समुद्राच्या घुसळणीचा माग

समुद्राचे पाणी थरांत रचलेले असते: वर उबदार नि हलके, खाली थंड नि जड. हे थर एकमेकांत मिसळतात ते अखेर सेंटिमीटरभर आकाराच्या भोवऱ्यांतून. पाण्याची ही थरथर टिपणारी नाजूक उपकरणे बहुधा जहाजावरूनच सोडावी लागतात. म्हणून अशा नोंदी फार विरळ.

१९६६ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी खोल पॅसिफिकचा हिशेब मांडून मिसळणीचा गुणांक, म्हणजे थर किती जोराने मिसळतात याचे माप, सेकंदाला सुमारे १ चौरस सेंटिमीटर काढला. पुढे खुल्या समुद्रात प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा तो जेमतेम दहावा हिस्सा भरला. उरलेली मिसळण गेली कुठे? १९९० च्या दशकात ब्राझील खोऱ्यात उत्तराचा मोठा भाग सापडला: खडबडीत तळाच्या वर घुसळण कितीतरी पट जोरकस होती. अशी मोजकी ठिकाणे हुकली, की सरासरी फसते.

घुसळण मोजण्याची समुद्रशास्त्रज्ञ स्टीव्ह थॉर्प यांची युक्ती देखणी आहे. जड पाणी हलक्याच्या वर आढळले, की नोंदी घनतेच्या क्रमाने पुन्हा लावायच्या. प्रत्येक नोंद किती सरकली, यावरून उलथापालथीचा आकार कळतो.

जहाजाविना मोजणारे आर्गो हे स्वयंचलित तरंगक साधारण दर १० दिवसांनी २,००० मीटर खोलीवरून वर येतात. त्यांना भोवरे दिसत नाहीत. पण पाण्याच्या आत थरांमधून जाणाऱ्या अंतर्गत लाटांनी थर कुठे ताणले, कुठे दाबले हे दिसते, आणि त्यावरून मिसळणीचा अंदाज बांधता येतो. तो दुपटी-तिपटीने चुकू शकतो, तरी जहाजे क्वचितच जातात तिथला तोच मोठा आधार आहे.